मिटल्या तोंडाचं गाणं

"तर्री नको. साधेच दे," रूपराव पोहेवाल्याला म्हणाले, आणि माझा घास हातातच राहिला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर ऐकणाऱ्याचा घोळ होतो, म्हणून घेते. तर हा माणूस लग्नापासून सेलूच्या ह्या टपरीवर थांबला की पोह्यांवर तर्री ओतून घ्यायचा, अर्ध्यात पुन्हा प्लेट पुढे करायचा, आणि पोहे संपल्यावर उरलेली तर्री पिऊन नाक पुसायचा. हरभऱ्याचा तो लालभडक रस्सा डोळ्यांतून पाणी काढतो, पण ह्यांना तो कधी तिखट लागला नाही. त्या माणसाने आज कोरडे पोहे मागितले होते.

"काऊन बे रूप्या?" पुंडलिकराव हसले. "आजारी पडला का?"

"आवाज सांभाळून राह्यलो. संध्याकाळी गाणं आहे ना."

पुंडलिकरावांना ते पटलं. त्यांना काहीही पटतं. हे दोघे तरुणपणापासून एकाच ऑर्केस्ट्रात. रूपराव गाणारे, पुंडलिकराव बोंगो वाजवणारे. दिवसा आम्ही सावंगीच्या मागच्या शेतात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, काढायचो आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचो. रात्री गणपती-शारदेच्या मांडवात हाच माणूस चमकीचा कोट घालून 'रूपकुमार' व्हायचा. नखात माती तशीच असायची. पुढे डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा बसला. कोट पेटीत गेला. आता इतक्या वर्षांनी नागपूरच्या कुणा हौशी मंडळींनी जुन्या गाण्यांचा महोत्सव ठेवला होता आणि जुने गाणारे शोधून काढले होते. पुंडलिकरावांनी आपली व्हॅन धुऊन आणली. "वहिनी, तुमीबी चाला. रस्त्यानं खात-पीत जाऊ," म्हणाले.

मी आले ती खायला-प्यायला नाही. मी लक्ष ठेवायला आले होते.

शेतातलं आता होत नाही म्हणून मी काही वर्षांपासून सावंगीच्याच दाताच्या दवाखान्यात आया आहे. दिवसभर माझ्यासमोर लोक तोंड उघडतात. काहींचं उघडत नाही. ती आमच्याकडची खर्र्याची तोंडं. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेली पुडी. शाळेतल्या पोट्ट्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या गालात. आधी तिखट झोंबायला लागतं. मग गाल आतून कडक होतात आणि तोंड हळूहळू मिटत जातं. मिटलेल्या तोंडात कधी एखादी जखम होते, ती भरत नाही. अशा माणसाला पुढे ज्या वॉर्डात पाठवतात, त्याचं नाव आम्ही आया डबा खाताना काढत नाही.

रूपरावांचा खर्रा पंधरा दिवसांपूर्वी आपोआप सुटला होता. मी इतकी वर्षं घसा कोरडा केला तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी, आणि आता मी काही न बोलता सुटला! शेजारणीने माझ्याकडे पेढा मागितला. मी हसले, पण पेढा दिला नाही, कारण सोडलेला खर्रा आणि सुटलेला खर्रा ह्यातला फरक मला दवाखान्यात रोज दिसतो. दवाखान्यातल्या डॉक्टर सुरभी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मावशी, उद्यापर्यंत थांबू नका. घेऊन या." घरी येऊन म्हटलं, जरा तोंड दाखवा. तर म्हणाले, "मी का बैल आहो, दात पाहाले? शनिवारी कार्यक्रम आहे. सोमवारी पाहू."

आज शनिवार होता. समोर बसून रूपराव पोह्यांचे चार-चार दाणे चमच्याच्या टोकावर घेऊन ओठांच्या फटीतून आत सरकवत होते, आणि प्रत्येक वेळी पाण्याचा घोट घेत होते. अर्धी प्लेट तशीच राहिली.

"चाल, उशीर होते," म्हणून तेच आधी उठले.

शेतांतून कापूस वेचून झालेली पऱ्हाटी जाळत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धूर सरपटत येत होता आणि व्हॅनच्या काचा बंद करूनही वास आत येत होता. पुंडलिकराव गाडी चालवता चालवता स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत होते.

"घे ना एक ओळ. तालीम होऊन जाईन."

रूपरावांनी गळ्याकडे बोट दाखवून नकार दिला.

"अबे, दोन महिने झाले तू माह्यासंगं गायला नाईस. लाजून राह्यला का काय नव्या नवरीवानी?"

हे खिडकीबाहेर बघत मिटल्या तोंडाने काहीतरी गुणगुणत राहिले. मी मागच्या सीटवरून त्यांचा गाल बघत होते. गाणारा माणूस गुणगुणतो तेव्हा गाल हलतो. तो गाल हलत नव्हता. केळझरच्या गणपतीला मी गाडीतूनच हात जोडले आणि काय मागावं ते मला सुचेना.

आमचा जिल्हा गांधीबाबाचा, म्हणजे दारूबंदीचा. त्यामुळे हद्द ओलांडली रे ओलांडली की रस्त्याच्या कडेला बारच बार. वर्ध्याची सज्जन माणसं तिथे येऊन बसतात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुंडलिकरावांनी ज्या बारसमोर गाडी लावली, तिथे सगळ्या गाड्या एमएच बत्तीसच्याच, म्हणजे आमच्या वर्ध्याच्याच होत्या. बारचं नाव 'समुद्रकिनारा'. समुद्र तिथून कुठल्या कुठे! बांबूचं छप्पर, प्लास्टिकची नारळाची झाडं, भिंतीवर रंगवलेल्या लाटा, वाढणाऱ्यांच्या अंगात फुलाफुलांचे शर्ट. खांबाखांबावर लाकडाचे मोठे मुखवटे टांगलेले होते, सगळ्यांचे जबडे वासलेले आणि दात बाहेर. मी पहिल्यांदाच बारमध्ये पाय ठेवला होता, तरी मला लाज वाटायची ती वाटलीच नाही. मी त्या उघड्या तोंडांकडेच बघत राहिले. भर दुपारी अंगावर काटा आला.

पुंडलिकरावांनी एक बिअर सांगितली. रूपराव पीत नाहीत. त्यांच्यासाठी शहाळं आलं, वर कागदाची छत्री खोचलेली आणि आत नळी. ह्यांनी ती नळी ओठांत धरली आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला. घटाघटा प्यायले.

"हे बेस आहे," म्हणाले. "चावाचं काम नाई."

बोलून गेले. माझ्याकडे बघितलं नाही. रुमालाने ओठ टिपले, रुमाल टेबलावर ठेवला आणि हात धुवायला उठून गेले.

मी रुमाल उलगडला. त्यावर लाल ठिपके होते, काही जुने वाळलेले, एक ओला.

पुंडलिकरावांचा ग्लास तोंडापर्यंत गेला होता, तिथेच थांबला. "वहिनी, हे काय आहे?"

मी सांगितलं. जे माहीत होतं ते आणि ज्याची भीती होती तेही. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर रडू फुटलं असतं. पुंडलिकराव ग्लास खाली ठेवून उठले. एक घोटही घेतला नव्हता.

"गाडी वळवतो. सावंगीले पोचू दवाखाना बंद व्हाच्या आधी. खड्ड्यात गेलं ते गाणं."

"मॅडम आज चार वाजेपावतर आहेत," मी म्हटलं. "आत्ता निंगालो तर भेटतीन."

"कोन भेटते?" रूपराव मागे उभे होते. त्यांनी टेबलावरचा उघडा रुमाल बघितला. मग शांतपणे खुर्ची ओढून बसले. "पाह्यलं का? बरं झालं. कसं सांगू, सुचत नोतं."

"तुमाले मालूम होतं?"

"आपल्याच तोंडातलं मालूम नाई होनार? आरशासमोर बॅटरी धरून पाह्यलं. डाव्या गालात आहे. पांढरं आहे अन् मधात लाल."

मला त्यांचा इतका राग आला की त्या वासलेल्या मुखवट्यांपैकी एखादा काढून डोक्यात घालावा. "मंग काऊन नाई सांगितलं? मी रोज तिथंच तर जातो! लोकायच्या नवऱ्यायचे तोंडं पुसतो अन् घरचा..."

"तू तिथं जाते म्हूनच नाई सांगितलं. तुह्या तोंडाकडं पाहून मले कळलं असतं, किती वाईट आहे ते." त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला. "रुख्मा, आज मले जाऊ दे. गाणं म्या बसवलं आहे. खालच्या पट्टीतलं आहे, तोंड जास्ती उघडा लागत नाई. वांग्याच्या वावरात रोज म्हनून पाह्यलं. सोमवारी तू म्हनशीन तिथं येतो. कापतीन ते कापतीन. पन कापल्यावर कोन मले माईक देईन?"

पुंडलिकराव किल्ली हातात धरून माझ्याकडे बघत होते. एका बाजूला वर्धा, एका बाजूला नागपूर. जखमेला दोन दिवसांनी काय फरक पडतो, असं मी स्वतःला म्हटलं. आणि पडतो, हेही मला माहीत होतं. पण हा माणूस भाजी विकून जगला आणि गाण्यासाठी जगला. मी त्याला ओढून नेला असता तर तो आला असता, मुकाट्याने. त्या मुकाट्यानेचीच मला भीती वाटली.

"नागपूरले घ्या, भाऊजी," मी म्हटलं.

पुढे बुटीबोरीच्या ढाब्यावर जेवायचं ठरलं होतं, पण पुंडलिकराव थांबले नाहीत. कुणालाच भूक नव्हती.

महोत्सवाच्या मैदानात ऊन उतरलं होतं. जुन्या स्कूटरी मांडल्या होत्या, काळ्या तबकड्या दोरीला टांगल्या होत्या, आणि जी पोरं-पोरी त्या काळात जन्मलीही नव्हती ती पायघोळ पँटी आणि ठिपक्यांच्या साड्या घालून फोटो काढत होती. रूपरावांनी व्हॅनच्या आडोशाला कोट चढवला. खांद्यांत ढगळ झाला होता. किती वाळले, ते मला त्या कोटात दिसलं.

दिवे लागायच्या वेळेला त्यांचा नंबर आला. निवेदन करणारी मुलगी उत्साही होती. "आणि आता रूपकुमार! ज्यांच्या आलापावर कॉलेजची मुलं खुर्च्यांवर चढायची, तेच गाणं आपण ऐकणार आहोत!"

ती म्हणत होती ते गाणं ह्यांनी बसवलंच नव्हतं. ते वरच्या पट्टीतलं. त्यातल्या आलापाला ह्यांचं तोंड एवढं उघडायचं की मला बघायला आले आणि आग्रहावरून गायले, तेव्हा माझी आई आत येऊन म्हणाली होती, "गळा गोड आहे बाई, पन जबडा किती वासते मानूस!" वादकांनी सुरुवातीचे सूर धरलेही. बोंगोमागून पुंडलिकराव नको नको म्हणून मान हलवत होते. रूपराव थांबवू शकले असते. ते क्षणभर खाली बघत राहिले, मग वादकांना हाताने 'चालू द्या' म्हणाले.

शब्द निघाले. ओठांच्या फटीतून, पण स्पष्ट. बघणाऱ्याला वाटावं, माणूस मुद्दामच हळुवार गातो आहे. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याच्या शेवटी तो आलाप होता. मी पदराचा बोळा करून तोंडात धरला.

आलापाची जागा आली आणि रूपरावांनी तोंड पूर्ण मिटून घेतलं. माईक छातीजवळ आणला. सगळा आलाप त्यांनी मिटल्या तोंडाने घेतला, नाकातून, छातीतून, कुठून कोण जाणे. वर चढवला, तिथे थोडा फाटला, पुन्हा धरला आणि सावकाश खाली आणून ठेवला. मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की दोरीला टांगलेल्या तबकड्या हलल्या. "काय नवीन काढलं यार!" माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. "तोंड न उघडता! ह्याले म्हनतात कलाकार!"

वन्स मोर सुरू झालं. शिट्ट्या, पाय आपटणं. अख्खं मैदान माझ्या नवऱ्याच्या आजारपणाला वन्स मोर देत होतं. त्यांना काय दोष द्यायचा? मीही टाळ्या वाजवल्या. थांबवताच येईनात.

रूपरावांनी दोन्ही हात जोडले. "आता नाई होत जी," ते माईकमध्ये म्हणाले.

लोक हसले. निवेदन करणारी मुलगी म्हणाली, बघा, मोठे कलाकार किती नम्र असतात.

नंतर मैदानाच्या कडेला खाण्याच्या गाड्यांमध्ये मी वरण-भात शोधून काढला. मिरचीचा तुकडा नको म्हणून दोनदा बजावलं. बाकावर बसून भात हाताने कुसकरला आणि पातळ करून त्यांच्यासमोर ठेवला. चमकीचा कोट घातलेला माणूस लोकांच्या देखत लहान मुलाचं जेवण जेवला, हळूहळू, सगळं. पुंडलिकराव पाठ फिरवून उभे होते आणि सारखे डोळे पुसत होते.

"कसं झालं?" रूपरावांनी विचारलं.

"चांगलं झालं."

"खरं सांग."

"जीव गेलता माहा," मी म्हटलं. "पन चांगलं झालं."

"सोमवारी किती वाजता जा लागते?"

"माह्या ड्युटीच्या टायमाले. संगंच जाऊ."

"बरं."

तेवढ्यात ठिपक्यांच्या साडीतली एक मुलगी मोबाइल घेऊन धावत आली. "काका, काय गायलात तुम्ही! एक सेल्फी? काकू, तुम्ही पण या ना!" असं म्हणत ती आमच्या मधे वाकली आणि हात लांब केला. रूपरावांनी ओठांवरचं शीत पुसलं, कोटाची कॉलर नीट केली आणि ताठ बसले.

"काका, स्माइल! थोडं मोठं हसा ना."

ओठ ताणले गेले, जेवढे जात होते तेवढे.

"अजून थोडं, काका!"

"एवढंच आहे, माय," रूपराव म्हणाले. "घे काढून."