झाकणावर बसलेली चिमणी

मी एक जुनी लसपेटी आहे, मित्रांनो. निळे अंग, पांढरे झाकण आणि जाड भिंती. नवी होते तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर मला कुणाला हात लावू देत नसत. पाणी भरून गोठवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या फ्रीजरमधून काढल्या की त्या लगेच माझ्यात ठेवत नसत. आधी टेबलावर ठेवून त्यांना घाम फुटू देत, मग कानाशी धरून हलवत. आत पाणी डुचमळले, तरच त्या माझ्या पोटात जात. मला मेलीला तो नुसता सोपस्कार वाटे.

एका दुपारी आई-बाबांबरोबर एक छोटी मुलगी आली. घरचे तिला चिमणी म्हणत. बाबांच्या नोकरीमुळे ही मंडळी आपला देश सोडून इकडे राहत होती. तिकडे आजीचे ऑपरेशन होते, आणि त्याआधी तिला नात पाहायची होती. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते. पण एक लस टोचल्याशिवाय लहान मुलांना देशात परत घ्यायचे नाही, असा नियम तिकडे नुकताच निघाला होता. साऱ्या शहरात त्या लशीची एकच बाटली उरली होती. सिस्टरांनी ती दूरच्या इस्पितळातून माझ्यात घालून आणली.

आता टोचणार, तोच शेजारच्या खोलीत एक बाई चक्कर येऊन पडल्या. "लस थंड राहिली पाहिजे हं!" एवढेच सांगून सिस्टर तिकडे धावल्या.

वेळ जाता जाईना. बाबांनी मला हात लावून पाहिला. माझ्या भिंती जाड, त्यामुळे मी बाहेरून गार लागत नाही.

"अगं, ही तर कोमट आहे!"

"अहो, सिस्टरांना येऊ द्या ना."

"तोवर औषध वाया जाईल!" असे म्हणत त्यांनी कोपऱ्यातला फ्रीजर उघडला आणि दगडासारख्या कडक पट्ट्या घेऊन ते माझ्याकडे आले.

माझा जीव टांगणीला लागला. ही लस गोठली की निकामी होते! पण पेटीला कुठला आवाज?

इतक्यात चिमणी आली आणि धपकन माझ्या झाकणावर बसली.

"ऊठ, राणी."

"नाही उठणार. उघडलं की सुई बाहेर येईल."

"अगं, सुई यात नाहीये."

"मग उघडता कशाला?"

आईला हसू फुटले, बाबांना नाही. त्यांनी गोड बोलून पाहिले, डोळे वटारले, शेवटी तिचे बखोट धरले. चिमणीने माझा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. माझे झाकण कुरकुरू लागले.

"अहो, थांबा!" सिस्टर दारातूनच ओरडल्या. "त्या पट्ट्या आत गेल्या असत्या, तर लस गोठून फुकट गेली असती!"

बाबांनी चिमणीचे बखोट सोडले. पट्ट्या अजून दुसऱ्या हातातच होत्या, आणि तो हात गारठून लाल झाला होता.

"शाब्बास गं! तुझ्यामुळे लस वाचली," सिस्टर चिमणीला म्हणाल्या.

"म्हणजे आता सुई नाही ना?"

"आता तर नक्की टोचायची!"

चिमणीने जे काही भोकाड पसरले! लेकीच्या रडण्याने इतके सुखावलेले आई-बाप मी पुन्हा पाहिले नाहीत.

आता माझे झाकण नीट बसत नाही. लशी नव्या पेटीत जातात आणि मी बाहेरच्या बाकाशेजारी रिकाम्या पोटी पडून असते. मित्रांनो, काळजी वाटली की आपले हात शिवशिवतात. अशा वेळी आधी विचारा, मगच हात लावा. आणि इथे आलात तर खुशाल माझ्यावर बसा. फक्त सिस्टरांनी हाक मारली की उठायचे बरं का.