न मागता पाणी देणाऱ्या घरातली कळशी

मित्रांनो, प्रेमानंदाला काडीचा धीर नाही. मास्तर आहे, चाळीस पोरांचा वर्ग सांभाळतो, पण घरी आला की त्याला मनातल्या मनात पाचापर्यंत मोजता येत नाही. त्याची लेक स्नेहल माझ्याकडं यायला निघते. ती पोचायच्या आधी ह्याचं ओगराळं माझ्या पोटात! पेला भरून पोरीच्या तोंडाला लावतो आणि असा बघतो, जशी काय विहीरच खणली. मला ते बघवत नाही. का बघवत नाही ते सांगते, पण आधी मी कोण ते ऐका.

मी एक जुनी कळशी आहे. तांब्याची. पितळेची म्हणाल तर मी बोलायची नाही. बसवकल्याणच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. अंगावर बारीक खळगे दिसतात ते पोचे नव्हेत, त्याच्या हातोडीचं काम आहे. इंदिराबाईनं मला घेतलं आणि गळ्यापाशी स्वतःचं नाव घालून घेतलं. इंदिराबाई म्हणजे प्रेमानंदाची आजी. ती चार महिने शाळेत गेली होती, मी तर तेवढेही नाही. त्या नावातली अक्षरं आम्हा दोघींना वाचता येत. तेवढ्यावर दोघींनी घर चालवलं, आणि चांगलं चालवलं.

घर कोहिनूर गावात. त्या घराचा एक नियम होता. इंदिराबाईची आई विहिरीपाशी ओंजळ धरून उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर विनवण्या करायच्या आणि ऊन डोक्यावर घ्यायचं. पुढं ही माणसं बौद्ध झाली, शिकली, स्वतःचं घर बांधलं. घर झालं त्या दिवशी इंदिराबाईनं मला दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "आपल्या घरात पाण्यासाठी कुणी तोंड उघडायचं न्हाई. माणूस दारात आलं की पेला पुढं. वळखीचं असू दे, न्हाईतर वाटंचं."

मित्रांनो, तो नियम म्हणजे मी. टपालवाला, मत मागायला आलेले पुढारी, बंद पडलेल्या बसमधली माणसं, सगळे माझं पाणी पिऊन गेले. एकानंही मागितलं नाही. दर शनिवारी मला चिंचेनं घासत, मग मी अशी झळके की येणारा आधी माझ्याकडं बघे आणि मग घरच्या माणसांकडं.

मग इंदिराबाई गेली. घरात निळा प्लॅस्टिकचा जार आला, खाली तोटी लावलेला. मला माळ्यावर टाकलं. सात वर्षं! माझ्या तोंडात कांदे भरले, मित्रांनो. माझ्या तोंडात.

मला खाली आणलं ते स्नेहलनं. तेव्हा ती चार वर्षांची होती. बोलत नव्हती. हाक मारली तरी वळत नव्हती. झाकण्या गोल फिरवत बसे, खूश झाली की दोन्ही हात पाखरासारखे हलवी. एकदा तिच्या आईनं, प्रेरणानं, कांदे काढायला मला खाली उतरवलं. पोरीनं माझ्या पोटाला कान लावला आणि बोटानं ठोकलं. डंग! मी पण उत्तर दिलं. अर्धा तास आमचं चाललं होतं. इतकं बोलणं माझ्याशी इंदिराबाईनंतर कुणी केलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे. प्रेरणा तिला घेऊन नौबादला जयंतीबाईंकडं जाऊ लागली. जयंतीबाई ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवतात. त्यांच्या शिकवणीला एबीए म्हणतात. मूल एखादी गोष्ट करतं त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे नीट बघायचं, आणि त्याला जे आवडतं ते धरून एकेक लहान पायरी चढवायची. पहिल्याच दिवशी त्या प्रेरणाला म्हणाल्या होत्या, "आठवड्यात दोन तास ती माझ्याकडं. बाकी सगळा वेळ तुमच्याकडं. मग शिकवणारं कोण, तुम्हीच सांगा अक्का."

पोरीला काय आवडतं? मी! म्हणून मला घासून पुन्हा कट्ट्यावर मानानं बसवलं.

पण जयंतीबाईंचं पुढचं सांगणं ऐकून माझा जीव तापला. स्नेहल पाण्याला आली की पेला दाखवायचा, आणि मनात पाच आकडे थांबायचं. तिनं बोट केलं, पेला पुढं केला, 'पा' म्हणाली, काहीही केलं तरी लगेच द्यायचं, कौतुक करायचं. नाहीच केलं तर आपणच 'पाणी' म्हणायचं आणि द्यायचं. तहानलेली ठेवायची नाही, रडवायचं नाही. पण तिला मागायला जागा ठेवायची. मागायला? इंदिराबाईच्या घरात? मी मनात म्हटलं, ही कोण नौबादची शहाणी!

प्रेमानंदाचंही तेच. प्रेरणा थांबली की हा मधे घुसे.

"कामून ताटकळत ठेवायलीस तिला?"

"पाच आकडे थांबायले फक्त. तुम्ही कामून मधी पडायलात?"

"शिकवायला बाई हायत की नौबादला. घरात कशाला शाळा?"

"स्वतः मास्तर असून असं बोलायलात व्हय?"

मी तेव्हा प्रेमानंदाच्या बाजूनं होते. खोटं कशाला सांगू?

मग मन्नाएखेळ्ळी गावात नात्यातलं एक लग्न आलं. मी घरीच होते. मायलेकी परत आल्या तेव्हा पोरीचे ओठ फुटले होते आणि मनगटावर तिच्याच दातांचे वळ होते. प्रेरणा आजारी मावशीजवळ गेली होती आणि पोरीला एका नातेवाईक बाईपाशी सोपवलं होतं. मांडवात पाण्याचे दहा जार, पोर त्यांच्याजवळ बसलेली. तिला कुणी दिलं नाही, कारण तिनं मागितलं नाही. शेवटी हात चावून घेतला, तर लोक म्हणाले, लाडानं बिघडलीय.

"मी तिथं नव्हतो ना," प्रेमानंद म्हणाला. "असतो तर दिलं असतं."

प्रेरणा पोरीच्या ओठाला लोणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "जल्मभर असणार हाव का तुम्ही? जूनमधी शाळंत बसवायचंय तिला. तिथं कोण बसणार हाय पेला धरून?"

आमच्या नियमानं आमचीच पोर भर मांडवात तहानलेली राहिली होती. मी बाजू बदलली, मित्रांनो. पण प्रेमानंदाची सवय काही सुटेना. हाताला जणू पाय फुटलेले.

एका रविवारी जयंतीबाई स्वतः घरी आल्या. उंबऱ्यात पाऊल पडतंय तोच प्रेमानंदानं पेला पुढं केला. बाईंनी पाणी घेतलं, सगळं प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, पाणी गोड हाय. पण मला पाणी पाहिजे का चहा, ते विचारलं न्हाई तुम्ही."

प्रेरणानं तोंडाला पदर लावला.

स्नेहल चिवडा खाऊन माझ्याकडं निघाली. प्रेमानंदाचा हात उठलाच. बाई म्हणाल्या, "आज तुम्ही थांबायचं सर. प्रेरणाअक्का न्हाई, तुम्ही."

"मॅडम, तुम्हाला आमच्या घरचं ठाऊक न्हाई." त्यानं हात तसाच धरला. "पाणी मागणं आमच्या आजीनं बंद केलं. मी माझ्या लेकीला ते परत करायला लावू?"

उत्तर प्रेरणानं दिलं.

"आजीच्या आईनं मागितलं आन् मिळालं न्हाई. त्याचं दुःख हाय ते. ही मागंल आन् मिळंल. त्यात कमीपणा कसला? आन् तुमच्यानं हात आवरंना तर मांडीखाली घाला. वर्गात पोरांना बसवताव की तसं!"

आणि मास्तर खरंच माझ्यापुढं फरशीवर बसला, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

स्नेहलनं मला ठोकलं. डंग. पेला यायची वाट बघितली. आला नाही. तिनं बापाचं कोपर ओढलं, ते हलेना. ती नाकातून कुरकुरली, हात पाखरासारखे हलवले. ते हलवायला बाईंनी कधीच मना केलं नव्हतं. प्रेमानंदाच्या कपाळावर घाम. ओठ हलत होते. एक. दोन. तीन.

"तिला तहान लागलीय मॅडम. मला कळायलंय."

"तुम्हाला कळतंय हो. तिला सांगू द्या."

चार. पोरीनं माझ्या झाकणीवरचा रिकामा पेला उचलला, बापाच्या गुडघ्यावर ठेवला, आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "पा."

प्रेमानंदानं हात असा उपसला की अर्धं पाणी फरशीवर सांडलं. "पाणी! पाणी मागितलंस तू! हे घे पाणी!"

ती प्यायली. पेला परत गुडघ्यावर. "पा." पुन्हा दिलं. दोन घोट घेतले. "पा." चौथ्या वेळेला तर ओठसुद्धा लावले नाहीत, नुसतं बापाकडं पेला सरकवून बघत राहिली.

"आता तहान न्हाई हिला," प्रेमानंद ओल्या डोळ्यांनी हसला. "गंमत करायली माझी."

"गंमत न्हाई सर," बाई म्हणाल्या. "आपल्या शब्दानं माणूस हलतं का, हे बघायली ती. हला."

तो हलला. संध्याकाळपर्यंत हलत होता.

जाताना बाईंनी बजावलं, आज बापाकडं मागितलं, उद्या शेजारच्या सिद्धव्वाकडं मागायला शिकू दे, मग शाळेतल्या बाईंकडं. रोज, थोडं थोडं. काही दिवस मागणार नाही, तेव्हा खट्टू व्हायचं नाही. प्रेमानंद म्हणाला, "मंगळवारी नौबादला मी आणतो तिला."

मित्रांनो, मुलाची काळजी घेणं म्हणजे सगळं त्याच्या हातात आणून देणं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मी चुकले. काळजी घेणाऱ्यानं थोडं थांबायलाही शिकावं, आणि जिथं शिकवतात तिथं स्वतः जाऊन बसावं. दुसऱ्यावर सोपवून हे काम होत नाही. आणि घरात एखादं जुनं भांडं मुलाला आवडत असेल तर त्यात कांदे भरू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंदानं मला उचललं आणि भरायला धरलं. पाणी पडताना माझ्या पोटात आवाज घुमतो, तेव्हा मी बोलते. ऐकणाऱ्यानं ऐकावं. मी मोठ्यानं म्हटलं, "प्रेम्या, आजीचा मान राखायचा म्हणून तू लेकीचं तोंड बंद ठेवलं हुतंस. काल उघडू दिलंस, म्हणून माफ केलं. पण तिच्या आईनं वर्षभर एकटीनं बसच्या फेऱ्या मारल्या, ते मी इसरले न्हाई. आता मंगळवार तुझा. शाळंत रजेचा अर्ज आजच दे."