गुरप्पाचं तीर्थ

रुद्रप्पाला चार लोकांत मान होता तो दोन गोष्टींमुळं. एक त्याचं अक्षर. गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिताना तो असा लफ्फेदार हात फिरवायचा की खाडा पडलेल्या कामगारालाही आपलं नाव वाचून बरं वाटावं. दुसरी गोष्ट म्हणजे तो मेलेल्या बापाचं देणं फेडत होता. अक्षर बघायला टाइम ऑफिसात जावं लागायचं. देणं मात्र त्याच्या अंगावरच दिसायचं. कोपराला ठिगळ लावलेला सदरा, टायरचा तुकडा ठोकलेली चप्पल, आणि कुणी चहाला चल म्हटलं की छातीवर हात ठेवून म्हणायचं, "नको. वडिलांचं अजून राहिलंय."

ऐकणारा गहिवरायचा आणि चहाचे पैसे स्वतः द्यायचा. सहा वर्षांत रुद्रप्पा असा बराच चहा प्याला होता.

घरी मात्र चहा दिवसातून एकदा, तोही गुळाचा. तो करणारी शिवबाई, त्याची बायको. ती सांगोल्याकडची, त्यामुळं पुरवून पुरवून वापरायचं तिला शिकवावं लागलं नाही. दुष्काळात सगळ्या गावानं रेशनची लाल मिलो ज्वारी नाक मुरडत खाल्ली आणि पाऊस झाल्याबरोबर सोडली. शिवबाईच्या चुलीवर ती पुढंही मिळेल तोवर भाजली जात होती, कारण स्वस्त होती. तुरीचं वरण सणाला. एरवी शेंगाची चटणी, आणि शेंगा महागल्या की चटणीत तिखट जास्त. रॉकेल वाचावं म्हणून दिवेलागणीला दिवा लावायच्या ऐवजी दार उघडं ठेवून चाळीच्या व्हरांड्यातल्या बल्बच्या उजेडात जेवायचं, असा शोध रुद्रप्पानं लावला होता. त्याचा त्याला अभिमान होता. जाणारा येणारा ताटात डोकावून जायचा, त्याचंही त्याला काही वाटत नसे. डोकावणाऱ्याला काय दिसायचं? बापाचं देणं फेडणारा मुलगा कोरडी भाकरी खातोय.

शिवबाईला मात्र एवढंच हवं होतं की आपण जेवत असताना लावता येईल असं एक दार असावं. आणि एक नळ, ज्याला दुसऱ्या कुणाची घागर लागलेली नसेल. गिरणीतल्या कारकुनांनी मिळून होटगी रस्त्याकडं सोसायटी काढली होती. पहिला हप्ता पाचशे रुपये, श्रावणातल्या एका बुधवारपर्यंत भरायचा. नाही भरला तर नाव खोडून पुढच्याला प्लॉट. घरात पाचशे रुपये होतेही. पण ते वीरभद्रप्पाचे होते, शेवटचे, आणि ते बुधवारच्या आधीच्या रविवारी द्यायचे होते.

वीरभद्रप्पा म्हणजे रुद्रप्पाच्या बापाचा, गुरप्पाचा, चुलतभाऊ. नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे इतके ठसठशीत की गिऱ्हाईक भाव करायला लाजायचं. रुद्रप्पाच्या लग्नासाठी गुरप्पानं त्याच्याकडून तीन हजार उचलले होते. भाऊबंदकीतला व्यवहार, म्हणून कागद नाही. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच गुरप्पा अक्कलकोटकडच्या आपल्या गावी जाऊन आला तो ताप घेऊनच. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे फिरवले तेव्हा रुद्रप्पा वैद्याला आणायला गेला होता आणि उशाशी एकटी नवी सून होती, कानडीचा एक शब्दही न कळणारी.

म्हातारा तिचा हात धरून काहीतरी जोर लावून सांगत होता. शब्द तीनच होते आणि तेच तो पुनःपुन्हा म्हणत होता, "वीरभद्रप्पन साल तीर्तु." शिवबाईला वीरभद्रप्पा कळले. साल म्हणजे वर्ष असणार, असं वाटलं. आणि शेवटचा शब्द तर अगदीच कळला. बिचारा म्हातारा तीर्थ मागतोय. तिनं पळत जाऊन देवापुढची वाटी आणली आणि त्याच्या तोंडात तीर्थ घातलं. गुरप्पानं मान हलवून ते थुंकायचा प्रयत्न केला, पुन्हा तेच म्हटलं. तिनं पुन्हा घातलं. तोंडात तीर्थ असतानाच म्हातारा गेला.

रुद्रप्पा आल्यावर तिनं सगळं सांगितलं. वीरभद्रप्पांचं नाव घेतलं, सालाचं काहीतरी म्हणाले आणि तीर्थ मागितलं. आता कानडीत साल म्हणजे कर्ज. रुद्रप्पा मटकन खालीच बसला. बापाचा जीव मरताना कर्जात अडकला होता, आणि तो सुटावा म्हणून त्यानं तीर्थ मागितलं! तेरावा होण्याआधीच तो नवी पेठेत जाऊन वीरभद्रप्पाच्या पायाशी बसला आणि म्हणाला, काका, वडलांचं देणं मी फेडीन, पै न पै.

वीरभद्रप्पानं हातातलं कापड खाली ठेवलं. मग त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "शिवाची मर्जी." व्याज नको, एवढं मात्र त्यानं मोठ्या मनानं सांगितलं.

तेव्हापासून पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता. मध्ये सरकारनं गरिबांची सावकारी कर्जं रद्द करायचा कायदा आणला, चाळीतले लोक रुद्रप्पाला म्हणाले, सुटलास की. रुद्रप्पाला राग आला. आपलं कर्ज नाही, घरचं देणं आहे, असं म्हणून त्या महिन्यात त्यानं हप्ता दोन दिवस आधी नेऊन दिला.

आणि आता शेवटचे पाचशे, एकरकमी द्यायचे म्हणून साठवून ठेवलेले. त्यासाठी वीरभद्रप्पानं मठात सत्काराचा कार्यक्रमच ठेवला होता. पत्रिका छापल्या होत्या, 'पितृऋणमुक्ती सोहळा'. ज्यांच्याकडं त्याची येणी अडकली होती त्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण होतं.

नागव्वा आली ती या सोहळ्यासाठीच. ती गुरप्पाची धाकटी बहीण, अक्कलकोटकडची. येताना तिनं पिशवीभर ज्वारी आणली आणि शिवबाईबरोबर निवडायला बसली. बोलता बोलता शेजारच्या मल्लव्वानं म्हशीसाठी पैसे कसे काढले, म्हैस कशी आटली, पोरगा कसा रोजंदारीला गेला, हे सगळं निम्मं मराठीत, निम्मं कानडीत सांगून शेवटी सुस्कारा टाकून म्हणाली, "यंदा एकदाचं साल तीर्तु."

शिवबाईचा हात सुपातच राहिला. साल शब्द एव्हाना तिच्या रोजच्या कानावरचा होता. उठता बसता तो ऐकूनच तिनं सहा वर्षं काढली होती. पण तीर्तु? ह्या घरात तो शब्द म्हणायची वेळच कधी आली नव्हती.

"आत्याबाई, तीर्तु म्हंजी वं काय?"

"फिटलं म्हंजी. साल तीर्तु, कर्ज फिटलं. एवढंबी येईना व्हय तुला अजून?"

शिवबाईनं मग मरतानाचे ते तीन शब्द तिला म्हणून दाखवले. नागव्वाला त्यात नवल काही वाटलं नाही. बरोबरच आहे की, म्हणाली. गुरप्पानं विहिरीवरचा आपला जमिनीचा वाटा तिच्या थोरल्या मुलाला विकला होता, तीन हजारांना. रुद्रप्पाला कळलं तर विकू देणार नाही म्हणून गुपचूप. पैसे घेऊन दोघं बहीणभाऊ सोलापूरला आले ते थेट वीरभद्रप्पाच्या दुकानात. तिच्या देखत नोटा मोजल्या. वीरभद्रप्पानं दोघांना पेढासुद्धा दिला. ताप उतरला की गुरप्पा पोराला सांगणार होता.

मग सहा वर्षं बोलला का नाहीत, असं शिवबाईनं विचारलं. नागव्वा म्हणाली, बाई, मला काय ठाऊक? रुद्रप्पा देणं फेडतोय असं ऐकत होते, पण त्याचे कपडे बघून वाटलं, त्यानं स्वतःचं काहीतरी करून ठेवलं असणार. आणि हा रविवारचा सत्कार? तिला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं होतं, सत्कार अक्षराचा आहे.

शिवबाईला रडू आलं नाही. तिला मिलो आठवली. सहा वर्षांच्या भाकऱ्या एकदम घशाशी आल्या आणि असा संताप आला की तिनं निवडलेली ज्वारी आणि खडे पुन्हा एकत्र करून टाकले.

संध्याकाळी रुद्रप्पाला तिनं सगळं सांगितलं, नागव्वाला समोर बसवून सांगितलं. रुद्रप्पा ऐकताना आधी लाल झाला, मग पांढरा पडला. आत्या आता थकली, तिला काही आठवत नाही, असं तो आत्याच्याच तोंडावर म्हणाला. मग शिवबाईला व्हरांड्यात घेऊन गेला.

"मग मी सहा वर्सं फेडलं ते काय हुतं?"

"तेच की. मीबी तेच इचारतेय."

"न्हाय, तसं न्हाय. फेडलं की मी. लोकांनी बघितलंय." त्यानं व्हरांड्यात कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "पत्रिका वाटून झाल्यात, शिवे. हे कुटं बोलू नगंस."

शिवबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला कळून चुकलं की याचं कर्ज काढून घेतलं तर याच्यापाशी नुसतं अक्षर उरेल. तिला त्याची कीव आली. पण कीव आली म्हणून कुणाच्या घरात नळ येत नाही.

दुसऱ्या दिवशी रुद्रप्पा गिरणीत गेल्यावर तिनं नागव्वाला घेतलं आणि नवी पेठ गाठली. सगळे पैसे परत मागावेत असं रात्रभर तिच्या मनात होतं. पण मग भांडण, पंच, मठाचे स्वामी, आणि त्यात स्वतःचा नवराच वीरभद्रप्पाच्या बाजूनं साक्ष देणार. तोवर प्लॉट दुसऱ्याच्या नावावर. बुधवारच्या आत हाताला लागेल तेवढंच धरायचं, असं ठरवून ती दुकानाची पायरी चढली.

वीरभद्रप्पानं सुनेला आणि बहिणीला गादीवर बसवलं, थंड मागवलं. नागव्वा इकडं तिकडं बघत म्हणाली, "हितंच बसून पेढा खाल्ला हुता की मी. गुरप्पा तितं बसला हुता." वीरभद्रप्पा नोकराला कापडाची घडी नीट घाल म्हणाला. घडी नीटच होती.

शिवबाईनं पदर सावरला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "काका, रविवारी आत्याबाई चार शब्द बोलनार हाईत. मामांनी तुमचं देणं कसं फेडलं, त्ये."

वीरभद्रप्पाच्या कपाळावर घाम आला आणि भस्माचा खालचा पट्टा ओघळला. तो म्हणाला की त्याच्या मनात कधीपासून एक विचार घोळत होता. पोरानं एवढी निष्ठा दाखवली, तर शेवटचे पाचशे घेऊच नयेत.

"मंग ते माइकवर बोला की," शिवबाई म्हणाली. "तुमी बोलला तर आत्याबाईंचा घसा बसंल."

रविवारी मठ भरून गेला. वीरभद्रप्पानं रुद्रप्पाला हार घातला आणि माइकवर जाहीर केलं की पुत्र असावा तर असा, आणि अशा पुत्राकडून उरलेले पाचशे रुपये घ्यायला आपला हात धजत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. येणी थकवलेल्यांनी तर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, आपल्यालाही अशी पाळी येईल या आशेनं. स्वामींनी वीरभद्रप्पाला दानशूर म्हटलं. रुद्रप्पानं त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडला. शिवबाईनं जवळून पाहिलं, अश्रू खरे होते. त्याचंच तिला सगळ्यांत वाईट वाटलं. मग सगळे तिच्याकडं बघायला लागले, तेव्हा तीही उठली आणि वाकली. नागव्वाचा घसा बसला होता. तिला पहिल्या पंगतीला बसवून दोनदा बुंदी वाढली गेली.

बुधवारी शिवबाईनं स्वतः जाऊन पाचशे रुपये भरले.

पुढच्या दिवाळीनंतर दोन खोल्या उभ्या राहिल्या, वर पत्रा, समोर स्वतःचा नळ. दाराला आतून कडी. पहिल्या दिवशी शिवबाईनं ती लावली, तुरीचं वरण केलं आणि दिव्याच्या उजेडात दोघं जेवली. रुद्रप्पाला ते जड गेलं. बघायला कुणी नव्हतं, आणि भाकरी कोरडी नव्हती. हात धुतल्यावर त्यानं कोपऱ्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी काढली. स्वतःच्या अक्षरात लिहून त्यानं ती रंगवून घेतली होती. 'वीरभद्रकृपा'.

शिवबाईनं ती अक्षरं वाचली. रुद्रप्पा घाईघाईनं म्हणाला की वीरभद्र म्हणजे देव, लोक देवाचंच नाव म्हणून वाचतील.

"लोक वाचतील की," शिवबाई म्हणाली. "तुमी काय म्हनून वाचनार?"

रुद्रप्पा पाटी काखेत धरून, कडी काढून, खिळा ठोकायला बाहेर गेला.