बादल्यांच्या दुकानाशी अडलेली स्कूटर

ब्रेक लागण्याआधी आईच्या डाव्या हाताचं मधलं बोट पांढरं पडतं. आधी नखाजवळ, मग पेरापाशी. त्यानंतर मी थांबते, नेमकी त्या गल्लीच्या तोंडाशी, बादल्यांच्या दुकानासमोर.

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. जन्म कारखान्यातला. पुढे इंजिन बदललं, आरसा दुसऱ्याच गाडीचा बसवला. माझ्या तरुणपणी बाबा मला दर रविवारी साबणानं न्हाऊ घालत. शेजारी म्हणत, "गाडी आहे की नवरी?" आता माझ्या सीटवर मांजर झोपतं आणि बाबा म्हणतात, "दोघींनाही उठवू नका."

या घरच्या लेकीला जन्म दिला तो त्या गल्लीत राहणाऱ्या बाईनं. तेव्हा ती जेमतेम शाळेतून बाहेर पडलेली, एकटी. बाळ कुणाच्या हाती द्यायचं हे मात्र तिनंच ठरवलं. आमच्या आईबाबांना निवडलं आणि म्हणाली, "तिला कधी वाटलं, तर माझ्याकडे घेऊन या." आईनं शब्द दिला.

आता लेक तेरा वर्षांची आहे आणि तिला वाटतंय. म्हणून आम्ही निघतो, इथवर येतो, आणि आईचं अवसान गळतं. "अगं, बादली घ्यायची राहिलीच!" असं म्हणून ती उतरते. घरात इतक्या बादल्या झाल्यात, की कांदे, बूट, छत्र्या सगळं बादलीतच. आजी तर परवा म्हणाली, "सूनबाई, घराला आग लागायची वाट बघतेस का?"

आजही तेच. दुकानदार हसत बाहेर आला. "ताई, पिवळी काढून ठेवलीय तुमच्यासाठी!"

लेक मागच्या सीटवरून हललीच नाही. "आई, भीती कसली वाटते तुला?"

"तुला ती जास्त आवडली तर?"

"आवडेलच की. आत्यापण आवडते मला. गेले का तिच्याकडे राहायला?"

"आत्या घोरते."

"तेच तर! शिवाय मांजर तुझ्याकडे आहे. परत यावंच लागणार."

"आणि तिला हाक काय मारशील?"

"ते तिलाच विचारीन. तिनं मला जन्मच दिला नसता, तर तू कुणाची आई झाली असतीस गं?"

दुकानदार पिवळी बादली पोटाशी धरून ऐकत होता.

मित्रांनो, वाहनाची निगा राखा. तेलपाणी वेळेवर करा, पुसूनही ठेवा. पण त्याहून मोठी निगा म्हणजे, जिथे न्यायचं कबूल केलंय तिथवर न्या. अर्ध्या वाटेवरून वळण्यानं टायर झिजतात आणि माणसंही.

आईनं पर्समधून फोन काढला. पलीकडून आवाज येताच ती स्पष्ट शब्दांत बोलली.

"मी हिची आई बोलतेय. हो, तुम्ही जिला जन्म दिलात, तिची. आम्ही गल्लीच्या तोंडाशी आहोत. येऊ का?... नाही, विचारत नाही. येतोच आहोत."