निपाणीचा फोन

बेळगावात मुले परदेशी आणि आईवडील एकटे, अशी घरे वाढत चालली होती. मुलांनी तिकडून फोन करावा आणि इकडे कुणीतरी जाऊन घर लखलखीत करून यावे, एवढ्या कल्पनेवर नीलमने आपला व्यवसाय मांडला होता. शहापुरातल्या ज्या मंगल कार्यालयात ती झाडलोटीच्या बायकांवर देखरेख करायची, ते बंद पडले होते. तिच्याकडे आता एक जुनी स्कूटर, धूळ ओढणारे यंत्र आणि दोन-तीन ब्रश होते. गिऱ्हाईके मात्र अजून जमायची होती.

टिळकवाडीतले हे काम श्रीनाथने सांगितले होते. तो जर्मनीत असे. बायकामुलांसह सुट्टीला आला होता, आणि ज्या सकाळी निघायचे त्याच सकाळी त्याने नीलमला बोलावले होते. मागे पसारा आवरत आईने बसू नये, हा त्याचा हेतू. दुपारच्या आत आधीचे आणि नंतरचे फोटो पाठवा, काम पसंत पडले तर बेळगावहून बाहेर गेलेल्या आमच्या मुलांच्या ग्रुपवर तुमचे नाव टाकतो, असे त्याने सांगितले होते. त्या ग्रुपमध्ये नीलमचा सगळा धंदा होता. तिला ते पुरते ठाऊक होते.

ती पोहोचली तेव्हा मुंबईहून सुटणारे विमान गाठायला निघालेली गाडी फाटकातून बाहेर पडत होती. श्रीनाथची आई, विद्युल्लताबाई, हात हलवून आत आल्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सडपातळ, नेटक्या बाई. त्या नीलमशी दोन शब्द बोलल्या आणि आतल्या खोलीचे दार लावून घेतले.

नीलमने फोटो काढले आणि झाडू हातात घेतला. यंत्र लावण्याआधी मोठा कचरा झाडून घ्यायचा, ही तिची पद्धत. बिस्किटांचा चुरा, रंगीत पेन्सिलींची टरफले, बॅगांच्या फाडलेल्या चिठ्ठ्या, एक तुटकी हेअरपिन. दिवाणखान्यातला सगळा केर तिने उंबऱ्यापाशी आणला, आणि तेवढ्यात आतल्या खोलीचे दार उघडले.

विद्युल्लताबाई त्या ढिगाकडे पाहत राहिल्या.

"गाडी अजून गावाबाहेरसुद्धा पडली नसेल, नीलम."

नीलमचा हात जागच्या जागी थांबला. माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या पाठीवर केर काढायचा नाही; परतीची वाट झाडली जाते म्हणतात. हे तिला कुणी शिकवायला नको होते. या घरात त्याची मर्यादा पुण्या-मुंबईच्या वाटेवरचे निपाणी गाव होती. श्रीनाथ पुण्याला शिकायला होता तेव्हापासून तो निपाणीला चहाला थांबायचा, घरी फोन करायचा, आणि मगच घरात झाडू लागायचा. बाईंनी हे समजावल्यासारखे सांगितले, रागावून नव्हे. त्यामुळे नीलमला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

केर परत पसरून टाकू का, असे तिने विचारले.

"नको. उंबऱ्याबाहेर गेला नाही ना? मग असू दे." मग त्यांनी विचारले, "तुझ्या घरी पाळत नाहीत?"

"पाळायची की बाई. आमचं मालक गोव्याला हॉटेलात असत्यात. लोंढ्याला गाडी बदलली की त्येंचा फोन यायचा, मग मी झाडू धरायची." नीलमने झाडू भिंतीला टेकवला. "आता फोन येत न्हाय. केर किती येळ ठेवायचा?"

तिचा नवरा रविराज त्या सकाळीही गोव्याला गेला होता, आणि त्याच्या पाठोपाठ घर झाडूनच ती इकडे आली होती. हे मात्र तिने सांगितले नाही.

दोघी थांबल्या. बाईंनी चहा केला आणि ओतताना त्यांच्या लक्षात आले, की इतक्या दिवसांच्या सवयीने आधण सगळ्यांपुरते ठेवले गेले होते. उरलेला चहा त्यांनी झाकून ठेवला. आपण होऊन फोन करा, असे नीलमने सुचवले, तेव्हा निपाणीचा फोन त्यानेच करायचा असतो, म्हणून त्यांनी नकारार्थी मान हलवली. फोन त्यांच्या मांडीवरच होता. गाडी संकेश्वरला आली असेल, मग आता निपाणी आलीच असेल, असे त्या अधूनमधून म्हणत. पुढे तेही म्हणेनाशा झाल्या.

शेवटी फोन वाजला तो नीलमचा. नाव पाहून ती व्हरांड्यात गेली. फोटो का आले नाहीत, असे श्रीनाथ विचारत होता. तिने त्यालाच विचारले, कुठवर पोचलात? कोल्हापूर मागे पडले, तो म्हणाला.

पटकन झाडून, पुसून, फोटो पाठवून मोकळे होता आले असते.

"काम थांबलंय, साहेब. बाईंना तुमचा निपाणीचा फोन आलेला न्हाय."

"आई अजून ते पाळते?"

"केर उंबऱ्याच्या आत पडून हाय. तुमी फोन करा, मग मी उचलते."

आईला त्रास नको म्हणून तर तुम्हाला सांगितले होते, असे तो जरा चिडूनच म्हणाला. कामाला असा उशीर होत असेल तर ग्रुपवरच्या लोकांना काय सांगायचे, हेही त्याने विचारले.

तिचा फोन बंद झाला आणि आत बाईंचा वाजला. "हो. मुलं झोपली का? बरं. बरं. सांभाळून जा." नीलम चप्पल काढून आत येईपर्यंत बोलणे संपलेही होते.

"निपाणीहून बोलत होता," बाई म्हणाल्या. "काढ आता केर."

खोटे मुलाने सांगितले की आई सांगत होती, हे नीलमने विचारले नाही. तिने केर सुपलीत भरला.

फरश्या, खिडक्या, पंखे, न्हाणीघर. तिने सगळे मन लावून केले. मुलांची अंथरुणे घडी करून कपाटात गेली, तेव्हा घर एकदम मोठे दिसू लागले. फोटो पाठवल्यावर श्रीनाथचे 'ओके' आले. ग्रुपबद्दल त्याने काही लिहिले नव्हते, आणि आता लिहिणार नाही, हे तिला कळले होते.

यंत्र स्कूटरला बांधून ती निघाली, तेव्हा बाई फाटकापर्यंत आल्या. पुढच्या महिन्यात येशील का, असे त्यांनी विचारले. नीलम होकाराबरोबर म्हणाली, की या खेपेसारखी चूक होणार नाही, आधी विचारूनच झाडू धरीन.

"विचारायची गरज नाही गं," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "आता या घरातून जाणारं कुणी नाही. केव्हाही ये."