मला पाजलेल्या बाटल्या

तुमच्या दप्तराहून थोडंसंच जड, लाल टोपण घातलेलं आणि दुकानाच्या दारात साखळीला टांगलेलं काही दिसलं, तर त्याला भंगार समजून पुढे जाऊ नका, मित्रांनो. तो मी. होडीच्या पाठीला अडकवायचं छोटं इंजिन. बाहेरून रंग नवा आहे, पोटात मात्र भोक आहे. त्या भोकाची हकीकत आज सांगतो. थोडं तिखटमीठ लावीन, कारण साखळीला लटकलेल्या म्हाताऱ्याला तेवढीच चैन उरते. पण बाटल्यांबद्दल जे सांगेन त्यात पदरचं काही नाही.

कारखान्यात मला पाण्याच्या टाकीत उभं करून पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा मी असा हुंकार दिला की पाणी उसळून छताला लागलं आणि तपासनिसाची टोपी जी वर गेली ती अजून खाली आलेली नाही. त्यानं डोकं पुसलं आणि माझ्या टोपणाच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवली: प्लग कोणत्या नंबरचा, पेट्रोलमध्ये तेल किती. आमच्या जातीचं मागणं एवढंच. नेमून दिलेला प्लग, मापात तेल आणि अंग गार ठेवायला पाणी.

मी गेलो एका नावाड्याकडे. रुंद खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवायची, हा त्याचा धंदा. मला पहिल्यांदा दोरी ओढून चालू केलं ते त्याच्या बायकोनं. एका झटक्यात! "अहो, हे तर तुमच्याआधी उठतं," ती म्हणाली, आणि मी खुशीत असा धावलो की मासे बाजूला होऊन वाट देऊ लागले.

अधूनमधून ती माझा प्लग काढून उजेडात धरायची. प्लग म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू, आत ठिणगी पाडणारी. पण ती इंजिनाची जीभही असते. चहाच्या रंगाची असली तर प्रकृती ठणठणीत. काळी पडली तर खाल्लेलं पचत नाही. आणि पांढरी झाली तर अंगात ताप आहे, तोही जिवावरचा. हे सगळं बाई बघून बघून शिकली होती. डब्यात एक सुटा प्लग ठेवायची, नेमून दिलेल्या नंबरचा. किती वर्षं सुखात गेली म्हणून सांगू!

मग धक्क्यावर तिच्या धाकट्या भावानं दुकान काढलं.

दुकान कसलं, बाटल्यांचा दवाखाना. हिरवी बाटली पोट साफ करणारी, निळी ताकद देणारी, आणि एक सोनेरी लेबलाची, जी काय करते ते त्यालाही सांगता येत नसे. दुकानात माशीसुद्धा फिरकत नव्हती. माहेरचं म्हणून बाईला तो एकटाच उरलेला. सख्ख्या भाऊजींनीच माल घेतला नाही तर धक्क्यावर दुसरं कोण घेणार? मग पहिला पेशंट कोण झाला असेल, ओळखा.

त्या दिवसांत फेऱ्या संथ होत्या, त्यामुळे माझी जीभ जरा काळवंडली होती. प्लग पुसून, घासून घातला असता तर भागलं असतं.

"भाऊजी, ही सर्दी आहे," मेहुणा म्हणाला. "मी गरम जातीचा प्लग देतो, आतली धग धरून ठेवणारा."

"अरे, टोपणाखाली नंबर लिहिलाय. आम्ही तोच घालतो."

"तो नंबर लिहिला तेव्हा हे नुकतं जन्मलं होतं. तुम्ही अजून लहानपणीच्या चपला घालता का?"

धक्क्यावरची माणसं हसली. नावाडीही हसला, आणि हसताहसताच गरम प्लग खिशात घालून आला. सोबत तिन्ही बाटल्या. "सोनेरीत तेल आहेच," मेहुण्यानं पाठीमागून ओरडून सांगितलं, "तेव्हा नेहमीचं तेल अर्धंच घाला. दोन्ही घातलंत तर अजीर्ण होईल!"

नावाड्याला हे पटलं होतं असं नाही. संध्याकाळी टाकीत बाटली ओतताना तो म्हणाला, "तुझा भाऊ याला पाजतो तेवढं मला कुणी पाजलं नाही."

"माझ्या माहेरचं काही आलं की तुम्हाला खुपतंच."

"खुपतं कुठे? ओततोय ना?"

"ओतताना तुमचं तोंड बघा एकदा आरशात."

त्यानं बाटली उपडी केली आणि शेवटचा थेंबही झटकून टाकला. घरात शांतता राहिली. तिची किंमत मी भरली. पुढे हिरवी संपली की निळी, निळी संपली की सोनेरी. वाफ अशी निघायची की वरून जाणारा बगळा शिंकत शिंकत पाण्यात पडायचा. नावाडी मुकाट्यानं ओतायचा, बाई मुकाट्यानं बघायची आणि भाऊ सगळ्यांना सांगत सुटायचा, "ताईच्या इंजिनाला विचारा!"

अशात बंदराच्या साहेबांनी जाहीर केलं की यापुढे खाडीवर एकाच होडीला कायमची फेरी मिळेल. भरल्या वजनानिशी, पूर्ण वेगात जाऊन परत येऊन दाखवायचं. एकीकडे मोठ्या होडीवाला, दुसरीकडे आम्ही. हरलो तर नावाड्याला होडी विकून त्याच मोठ्या होडीवर दोर बांधायला राहावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला तर झोपेतही ठाऊक होतं.

चाचणीच्या सकाळी होडीत वाळूची पोती रचली. धक्का माणसांनी भरला. बाईनं सवयीनं माझा प्लग काढला आणि उजेडात धरला.

पांढरा. खडूसारखा पांढरा.

तिचा हात थांबला. मित्रांनो, तिला कळलं होतं. ज्या बाईनं माझी जीभ इतकी वर्षं वाचली तिला ते कळलं नाही, असं म्हणायला मीसुद्धा धजणार नाही. सुटा प्लग हाताशी होता. पेट्रोलमध्ये पुरेसं तेल घालायलाही वेळ होता. ती डब्याकडे वळलीच होती, एवढ्यात इस्त्रीचा सदरा घातलेला भाऊ पुढे आला.

"बघा, बघा! किती स्वच्छ! ताई, दाखव सगळ्यांना. हा आपला माल!"

माणसं माना उंचावून बघू लागली. नावाड्यानं विचारलं, "काय गं? बरा आहे ना?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग भावाकडे. सगळ्यांदेखत त्याचं तोंड पाडायचं, की...

"बरा आहे," ती म्हणाली, आणि तोच प्लग परत घट्ट बसवला.

जाताना मी असा सुटलो की पलीकडचा काठ घाबरून दोन पावलं मागे सरला. नावाडी ओरडला, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" ती माझ्या आयुष्यातली शेवटची शाबासकी. परतताना अंगात आग पेटली. ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल भडकायला लागलं, पुरेसं तेल न मिळालेला पोटातला पिस्टन खडखडू लागला आणि खाडीच्या ऐन मध्यावर त्याला भोक पडलं. मी बंद झालो. नावाडी हात सोलवटेपर्यंत दोरी ओढत राहिला. शेवटी मोठी होडी आली आणि तिनं आम्हाला बांधून ओढत आणलं. साहेबांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"इंजिनच म्हातारं," मेहुणा धक्क्यावर सांगत होता. "आपल्या औषधावर निम्म्यापर्यंत तरी आलं!"

नावाड्यानं बायकोकडे पाहिलं. ती दोर गुंडाळत होती. त्यानं तेव्हा काही विचारलं नाही, नंतरही नाही. आता तो मोठ्या होडीवर दोर बांधतो. मला मेहुण्यानं दुरुस्त करतो म्हणून नेलं, लाल रंग फासला आणि औषधावर टिकलेलं इंजिन म्हणून दुकानाच्या दारात टांगलं. दुकान आता जोरात चालतं.

परवा परगावचा एक कोळी हातात काळा प्लग घेऊन आला. मेहुण्यानं त्याच्यासमोर गरम प्लग आणि सोनेरी बाटली ठेवली. बाई भावाचा डबा घेऊन नेमकी तेव्हाच आली.

"ताई, हे तुमचंच ना इंजिन?" कोळ्यानं विचारलं. "औषधानं खरंच एवढं टिकलं?"

तिनं माझ्यावरची धूळ पदरानं पुसली. अगदी हळूच पुसली, दुखणेकऱ्याचा घाम टिपावा तशी.

"टिकलं की," ती म्हणाली, आणि डबा ठेवून निघून गेली. कोळ्यानं बाटली घेतली.

मित्रांनो, मला दोरी ओढून बोलतं करणारं आता कुणी नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. माझ्या नव्या रंगावर भुलून काही विकत घेऊ नका. इंजिनाला टोपणाखाली लिहिलेलं असतं तेवढंच द्या. मधूनमधून प्लग काढून उजेडात धरा. आणि तो पांढरा दिसला, तर समोर कोणीही उभं असू दे, कितीही लाडकं असू दे, तिथल्या तिथे, तोंड उघडून, पांढरा आहे म्हणून सांगा.