शर्यतीच्या दिवशी घरी राहिलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. उजवा शेजारीच असतो, पण तो अबोल आहे. म्हणून दोघांचंही मीच सांगतो.

डोंगरवाटेवर घसरू नये म्हणून कारखान्यात आमच्या तळाला खोल खाचा पाडल्या. आम्हाला विकत घेतलं ते बेकरीत काम करणाऱ्या एका बाईने. तिला डोंगरवाटेवरची अठरा किलोमीटरची शर्यत दोन तासांच्या आत पुरी करायची होती. सरावाला वेळ कुठला? पण मळलेलं पीठ फुगायला सव्वा तास लागे. तेवढ्यात ती ॲप्रन खुंटीला टांगून आम्हाला घाली आणि मागच्या टेकडीवर पळून येई.

बेकरीचे मालक म्हणायचे, "पीठ फुगायच्या आत आली नाहीस, तर तुलाच भट्टीत घालीन."

"पाव निबर होतील, मालक," ती म्हणायची.

सात महिन्यांत एकदाही पीठ जास्त आंबलं नाही. माझं अंगठ्याजवळ फाटलं, ते तिने जाड दोऱ्याने शिवलं. "तुम्ही आहात म्हणून चाललंय बघा," ती म्हणाली. मी ते खरं मानलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याने नवे बूट आणले.

"एवढ्या लोकांत ही ठिगळं घालून उभी राहणार?"

"अहो, नवे बूट आधी पायात रुळावे लागतात."

त्याचा चेहरा पडला. मग तिने ते घालून पाहिले. "छान बसतात," म्हणाली.

सकाळी ती त्यातच गेली. आम्हाला वाटलं, विसरली असेल, जिन्यातून परत येईल.

दुपारी ती लंगडत आली. पंधराव्या किलोमीटरलाच तिला थांबावं लागलं होतं.

"बूट लागले का गं?" नवऱ्याने विचारलं.

"छे, बूट लोण्यासारखे आहेत. पायात गोळा आला."

तो पाणी आणायला आत गेला, तेव्हा तिने मोजे हळूहळू सोडवले. दोन्ही टाचा सोलल्या होत्या. आम्ही तिला कधी एक फोडही येऊ दिला नव्हता. आणि खोटं बोलली ती त्या एका दिवसाच्या बुटांसाठी.

मित्रांनो, आम्ही झिजतो. आमच्या जागी कोणीतरी येणारच, त्याचा राग नाही. पण ज्याला रोज बरोबर नेलं, त्याला मोठ्या दिवशी मागे ठेवायचं असेल, तर निदान सांगून जा. न सांगता गेलेल्या माणसाची वाट पाहणं संपत नाही.